घरच्या घरी मॅनहॅटन: सगळी भिस्त व्हर्मूथवर

कडूगोड

मॅनहॅटन या कॉकटेलला जिन्नस लागतात तीनच: राय व्हिस्की (राय नावाच्या धान्याची), गोड लाल व्हर्मूथ आणि बिटर्स, म्हणजे थेंबांनी घालायचा कडू-मसालेदार अर्क. वर हवी तर एक चेरी. इतकं सुटसुटीत पेय, तरी घरी केलेलं पहिलं मॅनहॅटन बऱ्याच जणांना नकोसं होतं आणि खापर फुटतं व्हिस्कीवर. मग त्याहून भारी व्हिस्की आणली जाते आणि पेय होतं तिथंच राहतं. माझं ठाम मत आहे की या पेयाचं जमणं-बिघडणं व्हर्मूथच्या हाती असतं, आणि नेमकं त्या बाटलीकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. म्हणून हा धागा.

व्हर्मूथ ही मुळात वाइन. फारशी स्वतःची चव नसलेल्या वाइनमध्ये थोडा मद्यार्क घालून तिचा जोर वाढवायचा, साखर घालायची आणि मुळं, साली, बिया, फुलं यांचा अर्क तिच्यात उतरवायचा. युरोपीय नियमांप्रमाणे निदान 75 टक्के भाग वाइनचा असावा लागतो, अल्कोहोल 14.5 ते 22 टक्क्यांच्या दरम्यान, आणि आर्टिमिशिया, म्हणजे दवण्याच्या कुळातली वनस्पती, असलीच पाहिजे. घोट गिळल्यावर मागे रेंगाळतो तो कडवटपणा मुख्यतः तिचा. बाकी काय घालायचं ते ज्याचं त्याचं गुपित: संत्र्याची साल, जेन्शन नावाचं कडू मूळ, सिंकोनाची साल, व्हॅनिला, लवंग, धणे, वेलदोडे. लाल व्हर्मूथ लाल वाइनची असेल असं वाटतं, पण बहुतेक लाल व्हर्मूथ पांढऱ्या वाइनवरच बेतलेल्या असतात. तो रंग बराचसा कॅरॅमलचा.

गोड व्हर्मूथचं गाव तुरिन. अंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो याने तिथे 1786 मध्ये ती विकायला आणली. फिकट, कोरडी तऱ्हा फ्रान्सची. जोसेफ नॉयली याने ती 1813 मध्ये बनवली. मॅनहॅटनला गोडच लागते. लेबलवर स्वीट, रोसो किंवा रूज असं लिहिलेलं असतं. या गोड प्रकारात लिटरमागे 130 ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असते, म्हणून पेयात वेगळा पाक घालावा लागत नाही.

आता मुद्दा. वाइन आहे म्हणजे उघडल्यावर हवा लागून ती उतरणार. व्हिस्की उघडून कपाटात वर्षभर राहिली तरी फारसं बिघडत नाही, कारण 40 टक्क्यांवरचं अल्कोहोल तिला सांभाळतं. व्हर्मूथकडे तेवढं बळ नाही. तरीही घरोघरी ती व्हिस्कीच्या शेजारी, उबदार कपाटात, अर्धी रिकामी उभी असते. माझे नियम थोडेच आहेत: उघडली की फ्रिजमध्ये, बूच घट्ट, गोड असेल तर दीड-दोन महिन्यांत संपवायची आणि कोरडी असेल तर महिन्याभरात. 375 मिलीची लहान बाटली मिळत असेल तर तीच घ्यावी. मोठीच मिळाली तर उघडल्या दिवशीच अर्धी एका स्वच्छ लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी. वर हवेला जागा नसली की ती बरीच टिकते.

कृती, एका ग्लाससाठी:

राय व्हिस्की 60 मिली (45 ते 50 टक्क्यांची असेल तर उत्तम)
गोड लाल व्हर्मूथ 30 मिली
अँगोस्टुरा बिटर्स 2 डॅश (बाटलीचे दोन झटके)
एक चांगली चेरी

देठाचा लहान ग्लास आधी फ्रीझरमध्ये ठेवा. मिक्सिंग ग्लास नसला तर जाड काचेचं कुठलंही उभट भांडं चालतं. त्यात तिन्ही गोष्टी ओता, मग पेयाच्या वर येईल इतका बर्फ भरा. लांब दांड्याचा चमचा घेऊन त्याची पाठ काचेला टेकवा आणि बर्फाचा गठ्ठा एकसंध फिरेल असं अर्धा मिनिट ढवळा. खडखडाट होत असेल तर हात जड पडतोय. गाळून थंड ग्लासात ओता, चेरी सोडा.

चव कशी असावी? आधी व्हिस्कीचा तिखटपणा, लगोलग व्हर्मूथची गोडी, आणि गिळल्यानंतर कडू-मसालेदार सूर बराच वेळ. तिन्हींतली एकच गोष्ट जाणवत असेल तर प्रमाण किंवा व्हर्मूथ तपासायला हवी.

तुमची प्रमाणं, तुमच्या आवडत्या बाटल्या, मतभेद, सगळं लिहा.

रानजाई

वाचनखूण साठवली. फार उपयोगी लिहिलंय. पण आता घाबरायला झालंय, कारण आमच्याकडची व्हर्मूथ गेल्या हिवाळ्यापासून कपाटातच आहे. ती प्यायलं तर काही अपाय होतो का? आणि बिघडली आहे हे ओळखायचं कसं? मला तर ताजीची चव कशी असते हेच ठाऊक नाही.

कडूगोड

रानजाई, घाबरू नका. 15-16 टक्के अल्कोहोल आणि एवढी साखर असल्यावर ती सहसा नासत नाही, पोटाला त्रास व्हायचं कारण नाही. जाते ती चव.

ओळखायचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच कंपनीची एक लहान ताजी बाटली आणून दोन्ही शेजारी शेजारी चाखणं. दोन सारखे ग्लास, प्रत्येकात टेबलस्पूनभर, दोन्ही एकाच तापमानाला. आधी नुसता वास घ्या. ताज्या व्हर्मूथमध्ये नाक जवळ नेताच संत्र्याची साल आणि ओल्या पाल्यासारखा हिरवा वास येतो, मागाहून व्हॅनिला किंवा लवंग. जुनीत तो वरचा हिरवा थर गेलेला असतो. उरतो तो कापून ठेवलेल्या सफरचंदाचा किंवा मनुकांचा मंद वास. मग घोट घ्या. ताजीत गोड आणि कडू एकत्र येतात. जुनीत आधी गोड येतं, मग थोडा आंबटपणा, आणि कडू सूर कुठेतरी विरलेला. ही चाखणी एकदा केली की पुढे बाटली नुसती हुंगूनही कळतं.

जुनी ओतून देऊ नका. मश्रूम किंवा मासे परतताना पॅनला जे चिकटून राहतं ते सोडवायला अर्धी वाटी व्हर्मूथ घालून आटवा. कोरडी असेल तर आणखी छान.

पारवा

सुंदर धागा. एक साधी शंका: ढवळायचंच का? शेकरमध्ये घालून हलवलं तर पटकन गार होतं की.

कडूगोड

गार होतं, खरंय. पण शेकरमध्ये पेयात हवेचे बारीक बुडबुडे शिरतात आणि बर्फाचा चुरा मिसळतो. लिंबाचा रस, साय किंवा अंड्याचा पांढरा भाग असेल तर ती हवा हवीच असते. मॅनहॅटनमध्ये यातलं काहीच नाही. ते नितळ आणि जिभेवर जड, रेशमी लागायला हवं. शेक केलेलं गढूळ दिसतं, वर फेस धरतं आणि तोंडात पातळ वाटतं.

मोजपट्टी

पारवा यांच्या प्रश्नाला जोडून ढवळण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण व्हर्मूथ ताजी असूनही पेय फसतं ते बहुतेक वेळा इथे.

बर्फ पेयाला गार करतो तो मुख्यतः वितळून. फ्रीझरमधला बर्फ उणे 18 अंशांना असेल तर तो 0 अंशापर्यंत येताना दर ग्रॅममागे साधारण 38 ज्यूल उष्णता घेतो. तोच एक ग्रॅम वितळताना 334 ज्यूल घेतो. म्हणजे गारव्याचा जवळजवळ नऊ-दशांश वाटा वितळण्याचा आहे. पाणी मिसळू न देता बर्फाने पेय नीट गार करायचं म्हटलं तर ते जमणारच नाही. आणि ते पाणी नकोसं नाहीच. कृतीतला तो चौथा जिन्नस आहे. पाण्याशिवाय 35 टक्क्यांचं मिश्रण जिभेला चटका देतं आणि व्हर्मूथमधले बारीक वास त्यात दबून जातात.

आणखी एक गंमत. मिश्रणात अल्कोहोल असल्याने त्याचा गोठणबिंदू शून्याच्या बराच खाली असतो. त्यामुळे पेय 0 अंशावर येऊन थांबत नाही. बर्फ वितळतच राहतो आणि पेयाला उणे दोन ते उणे पाच अंशांपर्यंत घेऊन जातो. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्यात बर्फावर मीठ टाकतात, तोच हा प्रकार.

आता करून बघायची गोष्ट. कडूगोड यांच्या प्रमाणात ढवळण्याआधी 90 मिली द्रव आहे, अधिक बिटर्सचे थेंब. ढवळून गाळल्यावर ग्लासात ओतायच्या आधी एकदा मापाच्या भांड्यात ओता. 112 ते 118 मिली भरलं तर नेमकं. 105 च्या आत असेल तर ढवळणं कमी पडलं. 125 च्या पुढे गेलं तर फार वेळ ढवळलं किंवा बर्फ ओला होता. दोन-तीनदा असं मोजलं की आपल्या हाताला, आपल्या भांड्याला आणि आपल्या बर्फाला किती सेकंद लागतात ते कायमचं समजतं. कुणाचे 20 सेकंद, कुणाचे 40. सेकंदांचा आकडा दुसऱ्याचा घेऊन उपयोग नाही.

बर्फाचा खडा चकचकीत ओला दिसत असेल तर त्याच्यावर 0 अंशाचं पाणी आहे. ते पेय पातळ करतं, पण त्याच्या मानाने गार फार कमी करतं. फ्रीझरमधून काढलेला, धुरकट पांढरट कोरडा बर्फ लगेच वापरावा. मोठे खडे बरे, पण अगदी एकच मोठा ठोकळा ढवळायला वापरू नका, त्याने फार वेळ लागतो.

रानजाई

मोजपट्टी, हे मापात ओतून बघायचं फारच आवडलं. आमच्या फ्रिजचा बर्फ नेहमी ओलाच असतो, कारण ट्रेमधून काढून आधी वाडग्यात ठेवायची सवय आहे. आता सगळं मिश्रण भांड्यात तयार ठेवून मगच ट्रे काढेन.

निवांत

लेख आवडला, पण प्रमाणावर माझं थोडं वेगळं मत आहे. व्हर्मूथ एवढी महत्त्वाची म्हणता आणि तिला व्हिस्कीच्या निम्मीच जागा देता? मी दोन्ही सारखे घेतो, 45 आणि 45, बिटर्स तीन डॅश. आणि यात मी काही नवीन करत नाहीये. 1884 साली छापलेल्या एका अमेरिकी बारटेंडर-मार्गदर्शिकेत मॅनहॅटनच्या दोन कृती आहेत. एकीत व्हिस्की आणि इटालियन व्हर्मूथ समसमान, सोबत कुरासाओ या संत्र्याच्या गोड मद्याचे दोन डॅश. दुसरीत फ्रेंच व्हर्मूथ व्हिस्कीच्या दुप्पट. म्हणजे छापील इतिहासाच्या सुरुवातीला हे पेय व्हर्मूथचंच होतं. व्हिस्की पुढे सरकली ती नंतर.

आज आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं प्रमाण 50 मिली राय, 20 मिली व्हर्मूथ आणि अँगोस्टुराचा एक डॅश असं आहे. अडीचास एक! मला ते व्हर्मूथ शिंपडलेली व्हिस्की वाटते.

कडूगोड

निवांत, समसमान मॅनहॅटन मलाही आवडतं, पण त्याला अट आहे. व्हर्मूथ कडवट बाजूची हवी आणि व्हिस्की 50 टक्क्यांची. पुंत ए मेस घेऊन 45-45 केलं तर ते भारदस्त होतं. तेच व्हॅनिलाचा जोर असलेल्या कार्पानो अँटिका फॉर्म्युलाबरोबर केलं तर मला गोडीचा कंटाळा येतो, तिथे 2:1 च बरं. दोलँ रूज हलकी आहे, नाजूक. ती 50 टक्क्यांच्या रायसमोर टिकत नाही, तिला मऊ व्हिस्की द्यावी किंवा तिचं माप 35-40 मिलीपर्यंत वाढवावं. कोक्कीची तुरिन व्हर्मूथ मधोमध बसते. कोको आणि संत्रं, 2:1 ला चोख. पहिल्यांदाच बाटली घेणाऱ्याला मी तीच सुचवेन.

म्हणजे प्रमाण बाटलीवर ठरतं. 2:1 हे मी सुरुवातीचं ठिकाण म्हणून दिलं.

तुम्ही दिलेली 1884 ची माहिती मात्र धाग्याला फार मोलाची आहे. धन्यवाद.

निवांत

पुंत ए मेसवर एकमत. आणि 40 टक्क्यांच्या व्हिस्कीत समसमान करू नये हेही मान्य, पाणी मिसळल्यावर कणाच राहत नाही.

टकमक

मला राय मिळत नाही, बर्बनच आहे. चालेल का? की ते मॅनहॅटनच नव्हे?

मोजपट्टी

चालेल, आणि ते मॅनहॅटनच. अमेरिकी नियमांनुसार राय व्हिस्कीच्या धान्यात निदान 51 टक्के राय असावी लागते, बर्बनमध्ये निदान 51 टक्के मका. दोन्ही आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरतात. रायमधून मिरीसारखा तिखट, कोरडा सूर येतो, मक्यातून गोलाई आणि गोडी. व्हर्मूथ आधीच गोड असल्याने राय तिला तोल देते.

बर्बन घ्यायची तर व्हर्मूथ थोडी कमी करा, 25 मिलीपर्यंत, आणि बिटर्सचा एक डॅश वाढवा. बर्बनच्या लेबलवर जास्त राय असलेली असा उल्लेख सापडला तर ती आधी उचला. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती, त्यानंतर रायचे कारखाने पूर्वीसारखे उभे राहिले नाहीत आणि कित्येक दशकं मॅनहॅटन बर्बन किंवा कॅनेडियन व्हिस्कीचंच होत असे. तेव्हा बिनधास्त करा.

चकोर

हे पेय विन्स्टन चर्चिलच्या आईने, जेनी जेरोमने, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन क्लबमधल्या मेजवानीत बनवून घेतलं असं वाचलं होतं. खरं आहे का?

निवांत

चकोर, ही दंतकथा सगळीकडे आहे आणि ती टिकत नाही. ती मेजवानी 1874 च्या अखेरीची सांगतात, आणि चर्चिलचा जन्म 30 नोव्हेंबर 1874 चा, इंग्लंडमधल्या ब्लेनहाइम राजवाड्यातला. आई त्या दिवसांत अटलांटिकच्या पलीकडे मेजवानी देत असणं शक्य नाही. पेय 1880 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये प्रचलित होतं एवढं मात्र पक्कं.

ज्येष्ठमध

धागा फारच माहितीपूर्ण. पण हवेच्या बाबतीत एक शंका आहे. नॉयली प्रॅटची कोरडी व्हर्मूथ बनवताना तिची वाइन ओकच्या पिंपांत भरून दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेयाँला उघड्या अंगणात वर्षभर ऊन-पाऊस-वाऱ्यात ठेवतात. म्हणजे ती मुद्दाम हवा आणि ऊन खाऊ घातलेलीच वाइन झाली. मग घरी उघडल्यावर आणखी हवा लागली तर एवढं काय बिघडतं? कदाचित ती छानही होत असेल.

कडूगोड

ज्येष्ठमध, अगदी योग्य शंका. पिंपात वर्षभर राहते ती नुसती वाइन. वनस्पतींचा अर्क तिच्यात नंतर उतरवतात. म्हणजे हवेने जे व्हायचं ते वाइनचं होतं, तेही लाकडाच्या आडून सावकाश, आणि चाखणाऱ्यांच्या नजरेखाली. त्यातून बदाम-अक्रोडासारखी खोली येते. मग त्या पायावर वनस्पतींचे वास बसवतात आणि बाटली बंद करतात.

घरी बाटली उघडी राहते तेव्हा मार बसतो तो त्या वरच्या वासांना. संत्र्याच्या सालीतली तेलं, फुलांचे वास हे उडून जाणारे पदार्थ. दर वेळी बूच काढलं की थोडे जातात, आणि उरलेल्यांशी हवेतला ऑक्सिजन खेळतो. पाया कदाचित तसाच राहील, पण ज्यासाठी आपण वाइनऐवजी व्हर्मूथ घेतो तेच जातं.

ज्येष्ठमध

पटलं. कोरड्या व्हर्मूथला तुम्ही कमी मुदत का दिलीत हेही आता कळलं. साखर कमी, झाकायला काही नाही.

कडूगोड

हो. एक्स्ट्रा ड्राय असेल तर लिटरमागे 30 ग्रॅमच्याही आत साखर. थोडी जरी उतरली तरी लगेच कळतं.

अर्धविराम

आठ जण येणार आहेत. प्रत्येकासाठी अर्धा मिनिट ढवळत बसलो तर मला गप्पा मारायला मिळणार नाही. आधीच करून ठेवता येईल का? व्हिस्की आणि व्हर्मूथ दोन्ही फ्रीझरमध्ये ठेवून नुसतं ओतलं तर?

मोजपट्टी

करता येतं, आणि मॅनहॅटन यासाठी फार सोयीचं आहे, कारण त्यात फळांचा रस नाही.

नुसतं गार करून ओतलं तर पाणी मिसळलेलं नसेल. ते 35 टक्क्यांचं, चटका देणारं पेय होईल. म्हणून पाणी आपणच मोजून घालायचं. आठ जणांसाठी राय 480 मिली, व्हर्मूथ 240 मिली, स्वच्छ पिण्याचं पाणी 180 मिली, बिटर्स 12 डॅश. बिटर्स आठपट करून 16 करू नका. आधी 12 घाला, चाखा, मग वाढवा. सगळं 900 मिलीच्या आसपास होतं, एका लिटरच्या बाटलीत बसतं.

ही बाटली सकाळी भरून फ्रिजच्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा आणि पाहुणे यायच्या तासभर आधी फ्रीझरमध्ये हलवा. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवू नका. पाणी घातल्यावर मिश्रण 28 टक्क्यांच्या घरात येतं, आणि उणे 18 अंशांना त्यात भुरभुरीत बर्फ धरू शकतो. ग्लास मात्र फ्रीझरमधलेच असू द्या. ओतायच्या आधी बाटली एकदा हळू उलटीसुलटी करा.

अर्धविराम

हे सोनं आहे. पाणी मोजून घालायचं मनातही आलं नव्हतं.

सांजवात

मला एवढं कडक झेपत नाही. पण व्हर्मूथचं वर्णन वाचून ती प्यावीशी वाटतेय. काही उपाय?

कडूगोड

सांजवातताई, उपाय आहेत आणि सगळे चवदार आहेत. आधी हे लक्षात घ्या की वर दिलेल्या एका मॅनहॅटनमध्ये 32 मिलीच्या आसपास शुद्ध अल्कोहोल आहे, म्हणजे 5 टक्के बियरच्या 330 मिलीच्या जवळजवळ दोन बाटल्या. ग्लास लहान दिसतो म्हणून फसू नये. एक प्यावं, सावकाश प्यावं, आणि त्यानंतर गाडीला हात लावू नये.

सगळ्यात सोपं म्हणजे मोठ्या ग्लासात बर्फ, 60 मिली गोड व्हर्मूथ, वर सोडा आणि संत्र्याची एक चकती. व्हर्मूथ चांगली असेल तर याला आणखी काही लागत नाही, आणि अल्कोहोल मॅनहॅटनच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही नाही. दुसरं, उलटं मॅनहॅटन: व्हर्मूथ 60, व्हिस्की 30, बिटर्स 2 डॅश. तिसरं माझं आवडतं, अडोनिस. फिनो शेरी 45, गोड व्हर्मूथ 45, ऑरेंज बिटर्स 2 डॅश, असंच ढवळून. दोन्ही वाइनच असल्याने अल्कोहोल निम्म्याहून कमी, पण चवीला खोली पुरेपूर. शेरीलाही फ्रिजचाच नियम, फिनो तर उघडल्यावर आठवड्याभरात संपवावी.

सांजवात

अडोनिसचं नक्की करून बघते. फ्रिजमध्ये जागा करावी लागणार!

पारवा

चेरीबद्दल कुणीच बोललं नाही. ती भडक लाल, प्लॅस्टिकसारखी दिसणारी चेरी मला बघवत नाही.

निवांत

नका घालू. त्या चेरीचा रंग आधी घालवतात आणि मग पाकात कृत्रिम रंग देतात, चवीत साखरेपलीकडे काही नसतं. गडद, जवळजवळ काळपट, दाट पाकातली मारास्किनो चेरी मिळाली तर घ्या, पण पाक निथळून. तो चमचाभर पाक पेयात गेला तर तोल गेलाच. चांगली चेरी नसेल तर लिंबाची साल. पांढरा भाग न येऊ देता रुंद पट्टी काढायची, रंगीत बाजू पेयाकडे करून ग्लासावर चिमटायची. साल फ्रिजमधून काढलेली नसावी, सामान्य तापमानाला तेल सहज सुटतं. तिरक्या उजेडात तेलाचा बारीक फवारा दिसतो आणि पेयावर चकाकी येते. मग ती पट्टी आत टाकायची की बाजूला ठेवायची ते तुमच्यावर. मी बाजूला ठेवतो, आत राहिली तर शेवटी कडवट होतं.

टकमक

बिटर्स टाळले तर चालेल? दोन थेंबांसाठी अख्खी बाटली घ्यायची जिवावर येतं.

कडूगोड

घ्याच. एक डॅश म्हणजे साधारण पाव चमच्याहूनही कमी, त्यामुळे लहान बाटलीही खूप दिवस जाते. 44.7 टक्क्यांची असल्याने ती फ्रिजबाहेर वर्षानुवर्षं टिकते, व्हर्मूथसारखी घाई नाही. डॉ. योहान सीगर्ट यांनी 1824 मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी ती औषध म्हणून बनवली. पुढे तो उद्योग त्रिनिदादला गेला आणि आजही तिथेच आहे.

एकदा एकच मिश्रण दोन ग्लासांत करा, एकात बिटर्स घालून, एकात न घालता. बिटर्सशिवायच्या ग्लासात व्हिस्की एकीकडे आणि व्हर्मूथ दुसरीकडे अशा वेगवेगळ्या कळतात, गोडी वर तरंगते. दोन डॅश पडले की लवंग-दालचिनीकडे झुकणारा कडू सूर मधे येतो आणि दोघींना जोडतो. अँगोस्टुरा नसेल आणि ऑरेंज बिटर्स असतील तर तेही चालतील, विशेषतः बर्बनबरोबर.

ज्येष्ठमध

माझ्याकडे आता गोड आणि कोरडी दोन्ही उघड्या आहेत, फ्रिजमध्येच. दोन्ही मुदतीत संपवायला काय करू?

निवांत

पर्फेक्ट मॅनहॅटन. राय 60, गोड व्हर्मूथ 15, कोरडी व्हर्मूथ 15, अँगोस्टुरा 2 डॅश, आणि यात चेरी नको, लिंबाची सालच. गोडी निम्म्यावर येते आणि रायचा तिखटपणा पुढे येतो. घरी स्कॉच असेल तर रायच्या जागी ती घालून 2:1 करा, गोड व्हर्मूथ आणि बिटर्स तेच, त्याला रॉब रॉय म्हणतात. फार धुरकट स्कॉच घेऊ नका, व्हर्मूथचं काही चालत नाही तिच्यापुढे. कोरडी मात्र आधी संपवा.